बॉक्सवर कॅन्सर छापायचा नाही



सीताफळाची पहिली तोडणी परवा झाली. अकरा क्रेट निघाले. पावसानं उघडीप दिल्यापासून पिठ्या ढेकणाचा थोडा त्रास आहे, पण डोळे चांगले उघडलेत, आकारही बरा आहे. तोडणीची नोंद पुढच्या वेळी सविस्तर टाकतो. आज जरा वेगळा विषय लिहितोय. लांबलंय, पण शेवटपर्यंत वाचा.

रविवारी आमच्या गटाची बैठक होती. यंदा नवीन बॉक्स छापून घ्यायचे ठरलंय. दोघा पोरांनी तालुक्याला जाऊन नमुना करून आणला. बॉक्स देखणा होता. वर सीताफळाचं चित्र, खाली गटाचं नाव, आणि मधी लाल अक्षरात ‘कॅन्सर प्रतिबंधक फळ’. पोरं म्हणाली, व्यापाऱ्यानंच सुचवलंय, एवढं छापलं तर किलोमागं पंधरा-वीस रुपये जादा मिळतील.

मी म्हणालो, हे छापायचं नाही.

एक पोरगा पटकन बोलला, "काका, सगळं जग फोनवर तेच टाकतंय. ड्रॅगन फ्रूटवाले टाकतात, शेवग्यावाले टाकतात. आपल्याच पोटात का दुखतंय?"

मला तिथं नीट बोलता आलं नाही. चारचौघांत घरचं सांगायचं म्हणजे घसा दाटतो. म्हणून आज लिहून सांगतो. सीताफळ वाईट आहे म्हणून माझा विरोध नाही. त्याच्याच पैशावर माझी लेक नांदायला गेली. पण बॉक्सवरच्या त्या दोन शब्दांची किंमत काय असते ते मी बघितलंय.

माझ्या विहिरीच्या कडेला एक लक्ष्मणफळाचं झाड आहे. सीताफळ, रामफळ यांच्याच भावकीतलं, काटेरी, मोठ्या फळाचं. कोकणात गेलो होतो तेव्हा एका रोपवाटिकेतून हौस म्हणून आणलं. आपल्या कोरड्या हवेत नीट येत नाही, पण विहिरीच्या ओलीवर जगलं. वर्षाला सात-आठ फळं देतं. ते लावलं आणि दोनेक वर्षांनी सगळ्यांच्या फोनवर तो निरोप फिरायला लागला. तुम्हीपण वाचला असेल. ‘लक्ष्मणफळ केमोपेक्षा दहा हजार पट ताकदवान, औषध कंपन्यांनी दाबून ठेवलेलं सत्य.’ तो मीही चार गटांत पुढं पाठवला. आपल्याच बांधावर एवढं मोठं औषध उभं आहे म्हणून छाती फुगली होती.

२०१९ च्या दिवाळीत माझा थोरला चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणायचो, घरी आला. त्याच्या गालाच्या आतून पांढरा चट्टा होता आणि मधी बारकी जखम. दोन महिने बरी होत नव्हती. तंबाखू-चुना पंधरा-सोळाव्या वर्षापासून. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तुकडा काढून तपासू. दादा तुकड्याला घाबरला. गावात आपल्याकडं म्हणतातच, सुरी लागली की कॅन्सर पसरतो. दादाची लेक नर्सिंग शिकत होती. ती रडून सांगत होती, आबा, तपासून घ्या. पोरीचं कोण ऐकतंय?

दादा मला म्हणाला, "तुझ्या हिरीवर त्या फळाचं झाड हाय नव्हं? पाला दे की."

मी दिला. आठवड्याला पिशवीभर पाला स्वतः तोडून, धुऊन, सायकलवर नेऊन द्यायचो. वहिनी काढा करायची. फळ पिकलं की पहिलं दादाला. असे पाच महिने गेले. मधी दादा म्हणायचा, बरं वाटतंय. बरं वाटायचं कारण त्या काळात त्यानं तंबाखू जरा कमी केली होती, तोंडाची आग कमी झाली होती. जखम आतनं वाढतच होती. तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना, तेव्हा दवाखान्यात नेलं. जबड्याच्या हाडापर्यंत गेलं होतं. एका बाजूचा जबडा काढला, नंतर शेक दिला. भाकरी त्याच्या तोंडात परत गेली नाही. आंबील, पेज, दूध यावर दोन वर्षं काढली आणि गेला.

पाच महिने आधी गेला असता तर वाचलाच असता, असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण चट्टा बारका असताना गेला असता तर ऑपरेशन बारकं झालं असतं, एवढं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. वहिनीनं मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

आता त्या निरोपात खरं किती, खोटं किती, ते सांगतो. मी दहावी पास माणूस. पण दादाची लेक आता नर्स आहे, तिनं मला बसवून समजावलं, आणि थोडं मी शेतीवरनं समजून घेतलं.

लक्ष्मणफळाच्या पाल्यात, बियांत काही द्रव्यं असतात. काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशी ठेवून त्यांच्यावर ती टाकली तर पेशी मरतात. हे खरं आहे. पण मंडळी, प्रयोगशाळेत अळीवर थेंब टाकला आणि अळी मेली म्हणजे ते औषध शेतात चालतं का? आपण कधी असं मानतो का? आधी प्रयोगशाळा, मग विद्यापीठाचं प्रक्षेत्र, मग शेतकऱ्याच्या रानात चाचणी, आणि शेजारी एक वाफा न फवारता सोडलेला. तेव्हा कळतं की औषधानं काम केलं की पावसानं अळी धुऊन गेली. लक्ष्मणफळ माणसाचा कॅन्सर बरा करतं असं दाखवणारी चाचणी झालेली नाही. म्हणजे बशीतली गोष्ट उचलून थेट माणसाच्या तोंडात घातली. बशीत पेशी तर रॉकेलनंसुद्धा मरतात.

दुसरी बाजूही आहे. कॅरिबियन समुद्रात ग्वाडेलूप नावाचं बेट आहे. तिथं हे फळ आणि पाल्याचा काढा रोजच्या वापरातला. तिथल्या डॉक्टरांना कंपवातासारखा एक वेगळा आजार प्रमाणाबाहेर दिसला आणि त्याचा संबंध या फळ-पाल्याच्या कायमच्या वापराशी असावा असा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे ‘झाडपाला आहे, अपाय नाही’ हे वाक्यही तपासून घ्यायचं. आपण सीताफळाच्या बियांची पूड उवांवर, किडींवर वापरतो. ती डोळ्यात गेली तर डोळ्याला इजा होते हे म्हाताऱ्या बायकांनाही ठाऊक आहे. जे द्रव्य कीड मारतं ते माणसाला लाडानं वागवणार नाही.

मग फळं-भाज्या कॅन्सरच्या बाबतीत काहीच कामाच्या नाहीत का? तसंही नाही. इथंच गोम आहे. गोष्ट खरी आहे, पण ती बॉक्सवर मावेल एवढी छोटी नाही.

युरोपातल्या दहा देशांत पावणेपाच लाखांवर माणसांचं खाणंपिणं लिहून घेतलं आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षं नजर ठेवली. २०१० साली त्याचा निकाल आला. रोज २०० ग्रॅम फळं-भाज्या जास्त खाणाऱ्यांत एकंदर कॅन्सरचं प्रमाण साधारण ३ टक्क्यांनी कमी दिसलं. फक्त ३ टक्के. आता हे वाचून कुणी म्हणेल, एवढंच? होय, सगळे कॅन्सर एकत्र धरले तर एवढंच. तोंड, घसा, अन्ननलिका, जठर अशा वरच्या अंगाच्या कॅन्सरला फायदा जरा जास्त असावा असं अभ्यासकांचं मत आहे.

या ३ टक्क्यांतही एक मेख आहे. ज्याच्या विहिरीला पाणी चांगलं, त्याचं खतही वेळेवर पडतं, खुरपणही वेळेवर होतं. मग उतारा वाढला तो पाण्यानं की खतानं, सांगता येत नाही. तसंच, रोज भाजी-फळं खाणारा माणूस बहुधा तंबाखू कमी खातो, दारू कमी पितो, डॉक्टरकडं वेळेवर जातो. त्यामुळं सगळं श्रेय भाजीला देता येत नाही. अभ्यासक हे वेगळं काढायची खटपट करतात, पण पूर्ण वेगळं निघत नाही.

म्हणून तर एक मोठी चाचणी झाली, ती ऐका. गाजरात, पपईत, आंब्यात, शेवग्याच्या पाल्यात जो नारिंगी-पिवळा घटक असतो, बीटा कॅरोटीन, तो खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी दिसत होता. शास्त्रज्ञांना वाटलं, मग तो घटकच गोळीत घालून द्यावा. फिनलंडमध्ये २९ हजार बिडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर पाच ते आठ वर्षं चाचणी झाली. काहींना गोळी, काहींना नुसती दिसायला तशीच रिकामी गोळी. १९९४ साली निकाल लागला. गोळी खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी झाला नाही, उलट १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतही अशीच एक चाचणी चालू होती, तिथंही जास्तच निघाला, आणि १९९६ साली ती चाचणी मुदतीआधीच बंद करावी लागली.

हे ऐकलं तेव्हा मला बोरॉन आठवला. डाळिंबाला बोरॉन कमी पडलं तर फळ तडकतं. म्हणून एकानं आमच्याकडं दुप्पट-तिप्पट मात्रा दिली, पानांच्या कडा करपून गेल्या. जमिनीत जे चिमूटभर चांगलं असतं ते ओंजळीनं दिलं की विष होतं. गाजर खाणं आणि गाजरातला एक घटक काढून गोळीनं खाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाजरात तंतू आहेत, पाणी आहे, अजून पन्नास घटक आहेत, आणि गाजर खाल्लं की तेवढी दुसरी वाईट वस्तू पोटात जात नाही. म्हणून ‘कॅन्सरविरोधी पावडर’, ‘शेवगा कॅप्सूल’, ‘लाइकोपीन गोळी’ असलं कुणी विकायला आलं तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

आता खायचं काय, ते सांगतो. नवीन काही नाही, सगळं आपल्याच रानातलं आहे.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, माणशी दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या, बटाटा-रताळं सोडून. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं असं सांगितलंय. सहा माणसांचं घर असेल तर दिवसाला तीन किलो. आता छातीवर हात ठेवून सांगा, कुणाच्या घरात एवढं खाल्लं जातं? आम्ही भाजी पिकवणारे. गाडी भरून पुण्याला, गुलटेकडीला पाठवतो आणि घरी संध्याकाळी पिठलं-भाकरी नाहीतर लसणाची चटणी. उरलेसुरले वाकडे दोडके घरी. पेरू एक नंबरचा बाजारात, पाखरानं टोचलेला पोराला. भाजी म्हणजे पैसा, ती खायची कशी, असं आपलं झालंय.

आमच्या आईच्या काळी बाजाराची भाजी कमी होती, पण रानातली होती. तांदुळजा, घोळ, पाथरी, चाकवत, अंबाडी, करडईची कोवळी पानं, हरभऱ्याचे शेंडे. खुरपायला गेलेली बाई येताना ओट्यात भाजी घेऊन यायची. आता तणनाशकानं ती सगळी गेली. तण गेलं तशी भाजीपण गेली, त्याचा हिशेब आपण लावलाच नाही.

कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरीची पानं ही एका कुळातली. चिरल्यावर जो तिखट उग्र वास येतो तो ज्या द्रव्यांचा, त्यांच्यावर कॅन्सरच्या दृष्टीनं पुष्कळ अभ्यास झालाय. शेवग्यातही त्या जातीची द्रव्यं आहेत. चिरून थोडा वेळ ठेवून मग फोडणीला टाकली तर ती जास्त तयार होतात. पार शिजवून लगदा करू नये. टोमॅटोतला लाल घटक उलट तेलात शिजवला की अंगाला जास्त लागतो, म्हणजे आपली टोमॅटोची चटणी वाया जात नाही. पेरूत संत्र्यापेक्षा जवळजवळ चौपट क जीवनसत्त्व असतं आणि तो बांधावर येतो. परदेशी फळाच्या नादी लागायचं काम नाही. पण यातलं एकही औषध नाही, हे डोक्यात पक्कं ठेवून खा.

आणि भाकरी. भाजी-फळांपेक्षाही मोठ्या आतड्याच्या कॅन्सरला अख्ख्या धान्याचा पुरावा जास्त पक्का आहे. कॅन्सरवर काम करणाऱ्या जागतिक निधीच्या २०१८ च्या अहवालात रोज ९० ग्रॅम अख्खं धान्य खाण्याशी या कॅन्सरचा धोका १७ टक्क्यांनी कमी असल्याचं दिलंय. ते अभ्यास बहुतेक गहू, राय, ओट खाणाऱ्या मुलखातले आहेत, ज्वारीचे नाहीत. पण कोंड्यासकट दळलेली ज्वारी हे अख्खंच धान्य. आमच्या सोलापूरच्या मालदांडीची भाकरी सोडून पोरं मैद्याचा पाव आणि बिस्कीट खातात तेव्हा मला पावसाळ्यातला ओढा बांध फोडून वाहताना बघितल्यासारखं वाटतं.

बरं, भाजी खाऊन ३ टक्के, मग उरलेलं काय? ज्या गोष्टीनं आपल्याकडं सगळ्यात जास्त माणूस जातो तिच्याबद्दल बॉक्सवर कुणी छापत नाही. तंबाखू. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात २६.६ टक्के मोठी माणसं कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होती आणि त्यातली बहुतेक चघळणारी. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण पुडी कुठं मिळते ते शाळेतल्या पोराला विचारा. नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते, तंबाखू नसली तरी. आणि आपल्या बायका मिश्री लावतात. तिला कुणी व्यसनच म्हणत नाही, दात घासणं म्हणतात. भाजलेली तंबाखूच ती. माझ्या घरात आईची मिश्री शेवटपर्यंत सुटली नाही, बायकोची मात्र दादाच्या ऑपरेशननंतर सुटली.

दिवसात दहा वेळा तंबाखू मळून वर एक वाटी पालक खाल्ला तर पालकानं काय करावं? उसाला दारं धरायचं आणि चारी मधीच फुटलेली ठेवायची, तसं ते आहे.

दुसरी गोष्ट तपासणी. याबाबतीत आमचा भाग मागासलेला नाही, उलट जगाला दाखवून देणारा आहे. आमच्या बार्शीत १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. खेड्यात कुणाला कुठला कॅन्सर होतो हे गावोगाव फिरून लिहिलं गेलं. शेजारच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांवर बायकांवर गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचा अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या बायका, आपल्यासारख्याच रानात काम करणाऱ्या. २००९ साली निकाल जाहीर झाला. आयुष्यात एकदा विषाणूची तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात नुसतं तोंड उघडून उजेडात बघायची तपासणी झाली, तर तंबाखू-दारूवाल्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू एक तृतीयांशानं कमी झाले. कुठं ३ टक्के आणि कुठं हे आकडे. तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, पांढरा-लाल चट्टा दिसला, तोंड कमी उघडायला लागलं, बाईला छातीत गाठ लागली किंवा पाळी गेल्यावर परत रक्त दिसलं, तर कुणाच्या विहिरीवरचा पाला आणायला जाऊ नका. दवाखान्यात जा. तुकडा काढल्यानं पसरत नाही. तुकडा न काढल्यानं काय होतं ते मी बघितलंय.

आता शेवटचं, आणि हे आपलं स्वतःचं आहे. कृषी सहायक, दुकानदार मंडळीही वाचतात, त्यांनीही ऐकावं.

आपण सगळ्यांनी घरच्यासाठी दोन सऱ्या वेगळ्या ठेवल्यात. बिनफवारणीच्या. वांग्याच्या, मिरचीच्या, कोबीच्या. मीही ठेवल्या होत्या. बाजारच्या प्लॉटात सकाळी फवारणी आणि भाव वाढला म्हणून दुसऱ्या दिवशी तोडणी, असं मीही केलंय, खोटं कशाला बोलू. औषधाच्या लेबलवर फवारणीनंतर किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं. ते आपण वाचत नाही, दुकानदार सांगत नाही. मग बॉक्सवर कुठल्या तोंडानं लिहायचं की आमचं फळ कॅन्सर टाळतं?

तरीपण मी लोकांना भाजी खाऊ नका असं सांगणार नाही. फवारलेली भाजी नीट धुऊन खाणं हे भाजी न खाण्यापेक्षा चांगलंच आहे. फवाऱ्याचा खरा धोका पहिला फवारणाऱ्याला आहे. कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या जागतिक संस्थेनं २०१५ साली मॅलॅथिऑन आणि ग्लायफोसेट यांना ‘बहुधा कॅन्सर करणारी’ या वर्गात टाकलं, त्यात माणसांवरचा पुरावा होता तो मुख्यतः हाताळणाऱ्यांचा, म्हणजे आपला. उघड्या अंगानं, चड्डी-बनियनवर, हातानं द्रावण ढवळत, मधीच त्याच हातानं तंबाखू मळत फवारणारा माणूस रोज पेरू खाऊन वाचणार आहे का?

भुईमुगाचंही तसंच. ओल्या शेंगा पोत्यात भरल्या की दाण्यावर बुरशी येते. त्या बुरशीचं विष, अफलाटॉक्सिन, यकृताचा कॅन्सर करतं, हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. तळून, भाजून ते पुरतं जात नाही. काळपट, सुरकुतलेले, कडू दाणे आपण टाकत नाही, कूट करतो नाहीतर चटणीला देतो. म्हशीला घातले तर दुधात उतरतं. शेंग खडखडीत वाळवून ठेवणं आणि खराब दाणा उकिरड्यावर टाकणं हे शेतकऱ्याच्या हातातलं कॅन्सर-प्रतिबंधक काम आहे. त्याला जादा भाव मिळत नाही, म्हणून कुणी सांगत नाही.

कायद्याचंही सांगून ठेवतो. १९५४ सालापासून देशात कायदा आहे की ठरावीक आजारांवर आमचा उपाय चालतो अशी जाहिरात करता येत नाही. त्या यादीत कॅन्सर आहे. खाण्याच्या वस्तूवर दिशाभूल करणारा दावा करणं अन्न सुरक्षा कायद्यातही बसत नाही. व्यापारी सुचवून मोकळा होतो, बॉक्सवर नाव मात्र गटाचं असतं.

पण खरं सांगू? कायदा नसता तरी मी नाहीच म्हणालो असतो. तो बॉक्स पुण्यात कुणाच्या तरी घरात जाईल. तिथं कुणाच्या तरी छातीत गाठ असेल, घाबरलेली बाई असेल. ती ते लाल अक्षर वाचेल आणि म्हणेल, दोन महिने हे खाऊन बघते, मग डॉक्टरकडं जाते. पंधरा रुपये किलोमागं आपल्याला मिळतील आणि ते दोन महिने तिचे जातील. मी सायकलवर पाला नेऊन दिला तो फुकट दिला होता, प्रेमानं दिला होता, तरी त्याचं ओझं आजवर उतरलं नाही. पैसे घेऊन दिलेल्याचं ओझं किती असेल?

परवा रात्री परत बैठक झाली. मी हे सगळं सांगितलं नाही, एवढंच म्हणालो की दादाचं तुम्हाला माहीत आहे. पोरं गप्प झाली. मग त्यातलाच एक म्हणाला, मग छापायचं काय? माझ्याकडून मी हे सुचवलंय: तोडणीची तारीख, शेवटच्या फवारणीची तारीख, बागेचा गट नंबर आणि ‘बिया खाऊ नयेत’. चारच ओळी. फवारणीची तारीख छापायची म्हणजे लेबलवरचे दिवस पाळावेच लागतील, म्हणून दोघातिघांनी नाकं मुरडली. बुधवारी शेवटचं ठरेल. जादा भाव लगेच मिळणार नाही हे मलाही कळतं. माझे अकरा क्रेट मी मात्र तसेच पाठवलेत, कागदावर हातानं लिहून.

विहिरीवरचं झाड मी तोडलं नाही. झाडाचा काय दोष? यंदा पाच फळं लागलीत. पिकली की फळ म्हणून खाऊ. पाला मागायला अजून माणसं येतात. गेल्या महिन्यात शेजारच्या गावचा एकजण आला होता, बायकोसाठी. मी त्याला पाला दिला नाही, त्याला गाडीवर मागं बसवून बार्शीला तपासणीला कुठं जायचं ते दाखवून आलो आणि येताना परड्यातला तांदुळजा दिला, भाजी करून खा म्हणून.

ज्यांच्या घरी परडं आहे त्यांनी सांडपाण्यावर चार वाफे आजच करा: पालक, मेथी, मुळा, तांदुळजा. कडेला शेवगा आणि एक पेरू. बियाणं पाहिजे असेल तर तांदुळजाचं माझ्याकडं घरचं आहे, येऊन घेऊन जा.

पुढच्या वेळी पिठ्या ढेकणाचं लिहितो.

राम राम.